मूळचे कुठले?

पुण्यात प्रभात रस्त्यावर संध्याकाळी चालायला निघालेल्या माणसाला रमतगमतच चालावं लागतं. दुसरा इलाज नाही. फुटपाथ आहे, पण त्यावर आधी दुचाक्या लावलेल्या असतात. दुचाक्या संपल्या की विजेचा डबा येतो. डब्याला टेकून कुणीतरी फोनवर 'निघालोय, पाच मिनिटांत पोचतो' असं निवांत सांगत असतो. त्याला वळसा घालून पुढं व्हावं, तर फुटपाथच्या बरोब्बर मध्यावर झाड. झाड आधीचं, फुटपाथ नंतरचा, तेव्हा तक्रारीलाही जागा नाही. आपण रस्त्यावर उतरतो, एक रिक्षा कानाजवळून जाते, आपण पुन्हा वर चढतो. डॉक्टरांनी मला भरभर चालायला सांगितलं आहे. ते स्वतः जिममधल्या पट्ट्यावर चालतात, तिथं मध्ये झाड येत नाही.

मुलीनं दिलेलं एक घड्याळ मनगटावर असतं. ते पावलं मोजतं. मी एखाद्या झाडाखाली उभा राहून वर बघायला लागलो, की माझा व्यायाम संपला असं समजून ते तसं विचारतंही. उभं राहणं, कंपाउंडच्या भिंतीवरून आत डोकावणं, पाट्या वाचणं, कुणाच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला तर भाजी कोणती हे ठरेपर्यंत रेंगाळणं, हे सगळं चालण्यातच धरायचं असतं हे त्याच्या हिशेबात नाही.

हा भाग एकेकाळी उपनगर होता, हे आता सांगावं लागतं. शनिवार-सदाशिवातल्या माणसाला लकडी पुलाच्या अलीकडचं ते 'गाव' आणि पलीकडचं ते नुसतंच 'तिकडं'. १९०६ साली तिकडं डेक्कन जिमखाना क्लब निघाला, पुढं आजूबाजूला बंगले उठले, आणि वाड्यातली माणसं नदी ओलांडून ऐसपैस राहायला आली. आज त्यांचीच नातवंडं वाघोली म्हटलं की 'बाप रे, एवढ्या लांब?' म्हणतात. बंगले आता पाडले जाताहेत. जागी सात-आठ मजली इमारत उभी राहते आणि तिला बंगल्याचंच नाव देतात. कुणी एका आजोबांनी निवृत्त झाल्यावर समाधानानं ठेवलेलं 'कृतार्थ' हे नाव पार्किंगचे तीन मजले डोक्यावर घेऊन उभं असतं.

या रस्त्याला गल्ल्या फुटतात आणि गल्ल्यांना नंबर आहेत. त्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी, फाटकापाशी खुर्ची टाकून एक आजोबा बसत. येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवणं हे त्यांनी स्वतःहून पत्करलेलं काम. एकदा त्यांनी मला थांबवलं.

"नवीन दिसता."

"छे, बरीच वर्षं झाली की."

"मूळचे कुठले?"

"भुसावळचा."

"भुसावळचं मूळचं कुणी नसतं," ते म्हणाले. "वडील रेल्वेत?"

"हो."

"मग त्याच्या आधी कुठले?"

आता भुसावळ जंक्शनवर बिऱ्हाड केलेल्या माणसांना हा प्रश्न नवा नाही. आमच्या चाळीत तेलुगू, बंगाली, गोवेकर, नागपूरकर असे सगळे होते आणि सगळ्यांची बदली कधीही होऊ शकत होती. मी मुकाट्यानं आजोळ, पणजोबांचं गाव, कुलदैवत अशी एकेक कागदपत्रं सादर केली. कुलदैवतापाशी त्यांचं समाधान झालं. मग मी धीर करून विचारलं, "आणि आपण?"

"आम्ही? आम्ही इथलेच." जरा थांबून ते म्हणाले, "म्हणजे वडील गुहागरहून आले."

मला बरं वाटलं. शेवटी ज्यांच्या जिवावर पुण्याला पुणेपण आलं त्या पेशव्यांचं तरी काय? बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. त्यांनाही शनिवारवाड्याच्या परिसरात कुणीतरी खुर्ची टाकून 'नवीन दिसता' म्हणालं असेलच. नाही, शनिवारवाडा तेव्हा नव्हता. खुर्चीवाला मात्र असणार.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. या रस्त्यावर जे जे दिसेल त्याला मनातल्या मनात तोच प्रश्न विचारायचा. त्यामुळे चालणं आणखी मंदावलं, पण संध्याकाळ मजेत जाते.

सुरुवात झाडांपासून केली, कारण पुणेकरांना या झाडांचा फार अभिमान. उन्हाळ्यात बाहेरून कुणी आलं की 'आमच्या इकडे सावली बघा' असं सुनावतात. सावली खरीच आहे. मात्र ती धरणाऱ्यांची हजेरी घेतली तर गंमत होते. गुलमोहर मादागास्करचा. छत्रीसारखा पसरलेला तो अवाढव्य पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा. त्या बाजूचाच जॅकरँडा, जो मार्चमध्ये जांभळा होऊन फोटोवाल्यांची गर्दी जमवतो. पिचकारी आफ्रिकेची. पिवळ्या फुलांचा सडा घालणारा सोनमोहर आग्नेय आशियातून आलेला. बोगनवेल ब्राझीलकडची, आणि नाव एका फ्रेंच दर्यावर्द्याचं. बंगल्याच्या दाराशी हमखास असणारा, सकाळी हळूच काठीनं ओढून ज्याची फुलं शेजारचे देवपूजेला नेतात तो चाफा तरी आपला असेल की नाही? तोही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. आपण त्याला देवळात नेऊन बसवला, देवचाफा म्हटलं, आता त्याला बाहेरचा म्हणायची कुणाची छाती नाही.

ऑक्टोबरात बुचाला बहर येतो. रात्री फुलं गळतात आणि सकाळी फुटपाथवर, दुचाक्यांच्या सीटवर, झाडूवाल्या मावशींच्या ढिगात पांढरी लांब देठांची फुलं. देठ इतके लांब की मुली दोऱ्याशिवायच त्यांची वेणी घालायच्या. हल्ली वेणी घालणाऱ्या मुली दिसत नाहीत, पण मी एका तरुण मुलीला गाडी सुरू करण्याआधी सीटवरची फुलं वेचून फोनच्या कव्हरमध्ये ठेवताना पाहिलं आहे. हे बुचाचं झाड ब्रह्मदेशचं. आणि ब्रह्मदेशातच, मिंज्यान गावी, १९०५ साली एक मुलगी जन्मली, तिचं नाव तिथल्या नदीवरून ठेवलं. त्या पुढं पुण्यात आलेल्या लेखिका आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. त्यांचे सासरे धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरुडचे, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण रोज सिग्नलला तिष्ठतो. बुचाला आणि इरावतीबाईंना पुण्याबाहेरचं म्हणायचं असेल, तर मग पुण्यात फारसं कुणी शिल्लक राहत नाही.

मूळ रहिवासी म्हणता येतील असे वड, पिंपळ, उंबर मधूनमधून दिसतात. वडाच्या पारंब्या वाहतुकीला अडथळा नको म्हणून छाटलेल्या असतात, पिंपळ कुणाच्या तरी गच्चीच्या भिंतीतून उगवतो आणि सोसायटीच्या सभेत त्याच्यावर ठराव होतो. मूळचं असण्याचे फारसे फायदे नाहीत असं माझं निरीक्षण आहे.

आता रस्त्याचं नाव. प्रभात हे काही इथल्या पहाटेवरून पडलेलं नाही. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरची. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच भागीदारांनी ती तिथं काढली. १९३२ मध्ये मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' तिथंच बनवला, आणि १९३३ साली बिऱ्हाड उचलून पुण्यात आणलं. तुतारी फुंकणाऱ्या बाईचं बोधचिन्हही बरोबर आलं. म्हणजे ज्या रस्त्यावर घर आहे असं सांगताना माणसाचा आवाज किंचित बदलतो, त्या रस्त्याला नाव दिलं कोल्हापूरकरांनी. कोल्हापूरचे माझे एक स्नेही हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घातला. इथल्या लोकांनी त्यावर 'हो, पण नावारूपाला आली ती पुण्यात' असं उत्तर दिलं. तेही खोटं नाही. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३६ चा, पुण्यातला, आणि तो पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. देहूचे तुकोबा, कोल्हापूरची कंपनी, दिग्दर्शकांत एक शेख फत्तेलाल, आणि दाद देणारे इटलीत. पुण्याकडे राहिला तो पत्ता.

कंपनी १९५३ साली बंद पडली. १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि मग लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या फाटकातून कोण कोण आत गेलं! केरळचे अदूर गोपालकृष्णन, अंबाल्याचे ओम पुरी, बाराबंकीचे नसीरुद्दीन शाह. शिकवायला ऋत्विक घटक, जन्म ढाक्याचा. शेजारच्या फिल्म संग्रहालयाचे, म्हणजे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या अर्काइव्हचे, पी. के. नायर केरळचे. त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांच्या सिनेमांची रिळं जपून ठेवली ती या मल्याळी गृहस्थानं, तीही पुण्यात बसून. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आजही दाढी वाढवलेली मुलं कॅमेऱ्याच्या लेन्सवर बंगाली, मल्याळी, मणिपुरी वळणाच्या इंग्रजीत वाद घालत असतात. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं मला कळत नाही, पण चहा मी तिथंच घेतो. टपरीवाला त्यांची उधारी ठेवतो, माझी ठेवत नाही.

इथून पुढं भांडारकर संस्थेकडे वळलं की माझ्या प्रश्नाला एकदम प्रतिष्ठा मिळते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणचे, १८३७ चा जन्म. त्यांच्या नावाची संस्था १९१७ साली निघाली आणि १९१९ पासून तिथं महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार व्हायला लागली. ती पुरी झाली १९६६ मध्ये. मधल्या काळात विष्णु सीताराम सुकथनकर आणि इतर पंडितांनी काय केलं? काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंत शेकडो हस्तलिखितं जमवली आणि एकेका श्लोकाला थांबवून विचारलं, 'मूळचे कुठले?' जवळजवळ अर्धं शतक. त्या फाटकापाशी बसणाऱ्या आजोबांची ही फार मोठी शाखा होती असं म्हणायला हरकत नाही.

पण पंडितांची रीत आजोबांपेक्षा उदार. जो श्लोक मागाहून आलेला ठरला त्याला त्यांनी हाकलून दिलं नाही. तळटीपेत जागा दिली, फार मोठा भाग असला तर परिशिष्टात खोली काढून दिली. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे ही आपली इतकी आवडती कथा, तीही तपासणीत टिकली नाही आणि परिशिष्टात गेली. गणपतीला परिशिष्टात पाठवायचं, आणि तेही पुण्यात! दहा दिवस मांडव घालून रस्ते अडवणाऱ्या या गावात त्यावर एकही मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. कारण बहुधा हेच, की ती आवृत्ती फार थोड्यांनी वाचली. काही वेळा न वाचण्यामुळेही शांतता राहते.

त्याच अंगाला आघारकर संशोधन संस्था आहे. तिचा पत्ता गोपाळ गणेश आगरकर रस्ता. सरळ आहे, असं वाटतं ना? नाही. संस्था आहे शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची, ते वनस्पतिशास्त्रज्ञ, मालवणचे. रस्ता आहे 'सुधारक'कार आगरकरांचा, ते कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. दोन वेगळ्या गावांचे, दोन वेगळ्या विषयांचे आघारकर आणि आगरकर एकाच पत्त्यावर राहायला आले आहेत आणि पोस्टमनखेरीज कुणाची काही तक्रार नाही. तसे भांडारकर आणि हे आघारकर धरून मालवणनं या चार रस्त्यांत दोन जागा पटकावल्या आहेत. मालवणकरांनी याबद्दल अजून फलक लावलेला नाही, हे त्यांच्या स्वभावाशी विसंगत वाटतं.

पु. ल. देशपांड्यांचं घरही भांडारकर रस्त्याच्याच परिसरात, मालती-माधवमध्ये. जन्म मुंबईत गावदेवीचा, वाढले जोगेश्वरी-पार्ल्यात. पुणेकर व्हायचं असेल तर काय काय करावं लागतं याची दीक्षा सगळ्या महाराष्ट्राला दिली ती या पार्लेकरानं. खुद्द पुणेकरांनी ती ऐकून 'अगदी बरोबर' म्हटलं आणि पुढच्या पिढ्यांनी ती अभ्यासक्रमासारखी पाळली. आज दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, की आपल्या वागण्याची जाहिरात पार्ल्याहून आलेल्या माणसानं केली होती?

चालून भूक लागते. घड्याळ म्हणतं नाही लागायला हवी, एवढं चाललाच नाहीत. तरी लागते. अमृततुल्य चहा म्हणजे पुण्याची ओळख, आणि तो रूढ केला राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी मंडळींनी. डेक्कनच्या कोपऱ्यावरचं गुडलक १९३५ चं, इराण्याचं. फर्ग्युसन रस्त्यावरची इडली कर्नाटकच्या शेट्ट्यांची. बाकरवडीच्या रांगेत उभं राहावं तर चितळ्यांची डेअरी मूळ सांगलीकडच्या भिलवडीची. म्हटलं, निदान एकादशीला तरी अस्सल काही खाऊ. साबुदाण्याची खिचडी मागवली. साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा. मिरचीही त्याच बाजूची, पोर्तुगीजांबरोबर आलेली. संबंध बशीत सोवळ्यात बसेल असा एकटा तुपाचा थेंब होता. मी खिचडी संपवली आणि वर दही मागितलं.

एका वळणावर इस्त्रीवाल्याची हातगाडी असते. कोळशाची जड इस्त्री, बाजूला गठ्ठे, गठ्ठ्यांवर फ्लॅटचे नंबर. तो उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा. त्याच्या मुलाला मी विचारलं, "काय रे, तू कुठला?" तो म्हणाला, "गल्ली नंबर नऊ." पुढं तो बापाला रागे भरला, 'शर्टे' नाही म्हणायचं, 'शर्ट' म्हणायचं, अनेकवचनातही शर्टच. चूक दाखवल्यावाचून त्याला राहवलं नाही, यावरून मी ओळखलं की हा मुलगा पक्का इथला आहे. जन्माचा दाखला नंतर पाहू.

ज्या आजोबांनी मला ही खोड लावली, त्यांची खुर्ची आता तिथं नसते. बंगल्याच्या जागी काम सुरू आहे, पत्रे लावले आहेत. ते कुटुंबासह बाणेरला भाड्यानं राहतात, असं वॉचमननं सांगितलं. वॉचमन लातूरकडचा. तिथं शेजाऱ्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी 'मूळचे कुठले?' विचारलं असणार, आणि त्यांनी ताठ मानेनं 'प्रभात रोड' सांगितलं असणार. गुहागर नक्की नाही.

चालणं थोडं लांबवलं तर लॉ कॉलेजच्या मागची टेकडी लागते. संध्याकाळी अर्धं पुणं तिथं चढतं. निवृत्त, नवविवाहित, कुत्रेवाले, आणि धापा टाकत राजकारणावर बोलणारे. वनखात्यानं लावलेलं गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं, हे आता तुम्ही ओळखलंच असेल. पण निदान टेकडी तरी? पायाखालचा तो काळा कातळ तरी अस्सल पुणेरी असेल, कुणी बाजूला हलवू शकणार नाही असा?

भूगर्भवाल्यांना विचारलं तर ते सांगतात, की हा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळलेला लाव्हा. तेव्हा आपला सगळा भूखंडच विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हिंदी महासागरात आज मॉरिशसजवळ जिथं रियुनियन बेट आहे त्या बाजूला. तिथल्या तापलेल्या जागेवरून सरकताना हे थरावर थर साचले आणि मग ते सगळं घेऊन भूखंड उत्तरेला निघाला. रियुनियनचा ज्वालामुखी अजूनही जागा आहे. मादागास्करही तिथून फार लांब नाही, म्हणजे गुलमोहर आणि टेकडी एका अर्थी गाववालेच निघाले. फरक इतकाच की टेकडी आधी आली आणि गुलमोहर फार मागाहून. ओळख निघाली असेल तर दोघांनी अजून आपल्याला कळू दिलेलं नाही.

तर या एकदा. ऑक्टोबरात या, बूच फुललेला असतो आणि पाऊस हटलेला असतो. गाडी आणू नका, लावायला जागा मिळणार नाही, आणि मिळाली तर ती फुटपाथवरची असेल. डेक्कनला उतरून चालत या. कुणी 'नवीन दिसता' म्हणालं तर रागावू नका, थांबा, आणि उलट त्यांनाही विचारा.